पाना कुणाच्या हातात? म्हैसूरची जावा, बेंगळुरूचा बाजार आणि आपली मोटरसायकल

मी बेंगळुरूहून बोलतोय. मोटरसायकलवर बोलायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो: "सर, गाडीचं कोणतं काम घरी करावं आणि कोणतं मेकॅनिकला द्यावं?" दोन वाक्यांत उत्तर देता येईल. पण त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की उत्तर आपोआप कळतं. म्हणून आज आधी इतिहास, मग पाना.

या इतिहासाच्या दोन टोकांना दोन जाहिराती आहेत. पहिली येझदीची: "फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू". म्हणजे गाडी कायमची. दुसरी हीरो होंडाची: "फिल इट, शट इट, फर्गेट इट". म्हणजे पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. पहिलीत गाडी जन्मभर सांभाळायची होती, दुसरीत तिच्याकडे बघायचीही गरज नव्हती. या दोन वाक्यांच्या मधल्या काळात आपल्या हातातला पाना हळूहळू सुटत गेला. तो का सुटला, त्यात काय मिळालं, काय गेलं, हा आजचा विषय.

सवय लागली ती फौजेत

सुरुवात फौजेपासून करतो. माझं घर तेच, म्हणून नव्हे. भारतात मोटरसायकलची शिस्तबद्ध देखभाल मोठ्या प्रमाणावर रुजली ती फौजेतच. दुसऱ्या महायुद्धात नॉर्टन आणि बीएसएच्या मोटरसायकलींवरून डिस्पॅच रायडर संदेश पोचवायचे. वायरलेस बंद पडला, तार तुटली, तरी हा माणूस पोचलाच पाहिजे. रस्त्यात गाडी बंद पडली तर तिथे मेकॅनिक नसतो. म्हणून चालवणाऱ्यालाच गाडी यायला हवी, हा नियम झाला.

यंत्रसामग्री वाढली तशी दुरुस्तीसाठी वेगळी कोअर हवी झाली. १९४३ मध्ये ती उभी राहिली, तीच आजची ईएमई. तिची एक मोठी कार्यशाळा, ५१५ आर्मी बेस वर्कशॉप, इथे बेंगळुरूतच आहे. पण कोअर आली म्हणून चालकाची जबाबदारी संपली नाही. कामाची विभागणी झाली. रोजची देखभाल वापरणाऱ्याची, त्यावरची दुरुस्ती युनिटच्या आणि फील्डच्या वर्कशॉपची, संपूर्ण इंजिन खोलायचं काम बेस वर्कशॉपचं. ज्याला जेवढं झेपतं तेवढं त्याने करायचं, आणि तेवढं करायचंच.

वापरणाऱ्याच्या वाट्याला तीन तपासण्या यायच्या. गाडी काढण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परत आल्यावर लास्ट परेड. प्रत्येकात ठरलेल्या गोष्टी बघायच्या. गळती आहे का, नट ढिला आहे का, टायर कसा आहे, चाकाचा हब हाताला जास्त गरम लागतो का. यात बुद्धीचं काम फार नाही. नेमाने करायचं काम आहे. देवघरातला दिवा लावायला शास्त्री लागत नाही, रोज आठवण लागते, तसंच.

स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या रस्त्यांसाठी मजबूत मोटरसायकल हवी होती. इंग्लंडमधल्या रेडिचची ३५० सीसी बुलेट फौजेने निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. जुनी बुलेट ज्यांनी किक मारून सुरू केली आहे त्यांना आठवत असेल, हेडलाइटच्या खोबणीत अॅमीटरचा काटा असायचा. डीकॉम्प्रेसर दाबून किक सावकाश खाली न्यायची. काटा मध्यावर आला की पॉइंट उघडला असं समजायचं, डीकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग पूर्ण किक. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते काट्यावर वाचल्याशिवाय गाडी सुरूच करता यायची नाही. नाही वाचलं तर किक उलटी बसायची, आणि मग पुढच्या वेळी बरोबर वाचलं जायचं.

म्हैसूरचा कारखाना

आता बेंगळुरूपासून दीडशे किलोमीटरवरच्या म्हैसूरला चला. १९५० च्या दशकात परदेशी गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली. मुंबईच्या इराणी कुटुंबाचा जावा मोटरसायकली आणून विकण्याचा व्यवसाय होता. आयात थांबली तेव्हा रुस्तम आणि फारुख इराणी यांनी कारखानाच काढायचं ठरवलं. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार तेव्हा राज्यपाल होते. त्यांचं पाठबळ मिळालं. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा उभी राहिली आणि १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. तंत्र चेकोस्लोव्हाकियाचं. 'जावा' या नावाचा इंडोनेशियातल्या बेटाशी संबंध नाही. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मन वांडरर कंपनीची मोटरसायकल बनवण्याचा हक्क घेतला. यानेचेकमधला 'या' आणि वांडररमधला 'वा' मिळून 'यावा'. आपण इंग्रजी अक्षरं वाचून तिला 'जावा' केलं. पुढे १९७० च्या दशकात गाडीवर येझदी हे नाव आलं, इराणमधल्या यझ्द शहरावरून.

या गाडीने हजारो मालकांना मेकॅनिक बनवलं, त्याचं पहिलं कारण तिची रचना. २५० सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, एवढेच मुख्य हलणारे भाग. इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण ४० मिलिलिटर. किक आणि गिअर एकाच दांड्याचं काम: आत ढकलून वर फिरवला की किक, एरवी गिअर. गिअर बदलताना तोच दांडा क्लचही सोडवायचा, म्हणून क्लचची केबल तुटली तरी सरावाचा माणूस घरी यायचा. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे चिखल-धुळीपासून सुरक्षित.

प्लगची ठिणगी पडायची ती कॉन्टॅक्ट पॉइंटमुळे. त्या दोन टोकांतलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असलं की गाडी खूश. ते झिजतं, म्हणून दर काही हजार किलोमीटरला बघावं लागतं. फीलर गेज प्रत्येकाकडे नव्हतं, पण जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर काम भागायचं. ठिणगीची वेळ जुळवायलाही साधी युक्ती होती. प्लग काढायचा, भोकातून पट्टी घालून पिस्टन वरच्या टोकाच्या किती खाली आहे ते मोजायचं आणि पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरायचा. पिस्टन नेमक्या जागी आला की कागद अलगद सुटला पाहिजे. आधी सुटला तर ठिणगी लवकर, नंतर सुटला तर उशिरा. एक कागद आणि एक पट्टी, एवढ्यावर इंजिनाचा ठोका जुळायचा.

टू-स्ट्रोकचा दुसरा त्रास म्हणजे काजळी. तेल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साचते, गाडीचा दम जातो. जावा-येझदीच्या सायलेन्सरमधली आतली नळी बाहेर काढता येते. रविवारी सकाळी ती काढायची, खरवडायची, कुणी कॉस्टिक सोड्यात भिजवायचे. अंगणात, जिन्याखाली, चाळीच्या गॅलरीत हे काम चालायचं. शेजारचं पोरगं पाना धरायला यायचं आणि चार रविवारांत निम्मं शिकून जायचं. आपल्याकडे मोटरसायकलचं शिक्षण असंच पसरलं. शाळा नव्हती, फी नव्हती.

दुसरं कारण टंचाई. स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचा तो काळ. गाडी मिळाली की ती वीस वर्षं चालवायची हे गृहीत होतं. नवी घेणं हा पर्यायच नसेल तर माणूस जुनी सांभाळायला शिकतो. तेव्हा ती हौस नव्हती, गरज होती. आज आपण त्या काळाकडे प्रेमाने पाहतो तेव्हा हे विसरू नये.

महाराजांच्या नावाचा रस्ता

मालकाला पाना धरता येतो म्हणून भागत नाही, सुटा भाग मिळावा लागतो. बेंगळुरूत तो मिळायचा, अजूनही मिळतो, जेसी रोडवर. जेसी म्हणजे जयचामराजेंद्र. ज्या महाराजांच्या पाठबळावर म्हैसूरला कारखाना आला, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरावा, हा योगायोग मला फार आवडतो. शिवाजीनगरच्या गल्ल्यांत जुना माल, एसजेपी रोडला हत्यारं. पुण्यात हेच काम नाना पेठेने केलं.

या बाजारामागे आणखी एक थर होता, लेथवाल्यांचा. सिलिंडर झिजला की टाकून द्यायचा नाही. बोअर करायचा, म्हणजे आतून किंचित मोठा कातून घ्यायचा आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. असं एकच सिलिंडर तीन-चार आयुष्यं जगायचं. बुश झिजला, तर नमुना देऊन नवा कातून घ्यायचा. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आणि बेळगावचा उद्यमबाग ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ओतकाम, कातकाम, नमुना बघून हुबेहूब वस्तू करून देणं, ही त्या भागाची विद्या. मालक, मिस्त्री आणि लेथवाला या तिघांच्या साखळीवर ती 'कायमची गाडी' चालत होती. जाहिरात कंपनीची होती, पण तिच्यातला शब्द खरा करून दाखवला तो या तिघांनी.

विसरायला शिकवणारं दशक

१९८० च्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याची दारं उघडली. १९८४ मध्ये बेंगळुरूच्या वेशीवरच्या होसूरहून टीव्हीएसची इंड-सुझुकी आली. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १०० आली. पाठोपाठ पुण्याच्या बजाजची कावासाकी केबी १०० आली. सगळ्या शंभर सीसीच्या, हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या. आरएक्स १०० मध्ये तेलाची वेगळी टाकी आणि पंप, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळायची कटकट संपली. हळूहळू पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबी आली. ती झिजत नाही, जुळवावी लागत नाही. बिघडली की बदलायची.

जुन्या गाड्यांचे भक्त या काळाला नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. दूध घालणाऱ्या माणसाला, दोन गावांत शिकवणाऱ्या मास्तरांना, औषधं विकत फिरणाऱ्या पोराला रविवारी काजळी खरवडायची हौस नव्हती. त्यांना सकाळी सहाला एका किकमध्ये सुरू होणारी गाडी हवी होती. ती मिळाली. लाखो घरांचं उत्पन्न त्या गाड्यांनी वाढवलं. 'विसरून जा' हे वचन खरं निघालं, हे त्या इंजिनिअरांचं मोठं यश आहे.

पण विसरण्याची किंमत असते. ज्या गोष्टीकडे रोज बघावं लागत नाही ती समजेनाशी होते. एक पिढी अशी वाढली की टूलकिट सीटखाली आहे हे तिला माहीत होतं, ते उघडल्याचं आठवत नव्हतं. शेजारच्या पोराचा रविवारचा वर्ग बंद झाला.

कारखाना गेला, गाड्या राहिल्या

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी आरएक्स १०० चंही उत्पादन थांबलं. प्रदूषणाचे नियम कडक होत होते, टू-स्ट्रोकचा काळ सरत होता, ग्राहक लिटरमागे किलोमीटर मोजत होता.

हिशेबाने पाहिलं तर पुढच्या दहा वर्षांत येझदी रस्त्यावरून नाहीशी व्हायला हवी होती. कंपनी नाही, सर्व्हिस सेंटर नाही, नवे भाग नाहीत. तसं झालं नाही. बेंगळुरूत, म्हैसुरात, पुण्यात, कोल्हापुरात मालक एकमेकांना शोधू लागले. एकाकडे छापील मॅन्युअल होतं, त्याच्या झेरॉक्स निघाल्या. कुणी बंद पडलेल्या दुकानाचा जुना साठा शोधला. चेक देशात जावा बनतच होती, तिथून भाग मागवले गेले. जे मिळेना ते लेथवर झालं. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा बारा व्होल्टवर आणला गेला, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक ठिणगी बसवली गेली. खऱ्या अर्थाने ज्याला 'अपग्रेड' म्हणावं ते हे: गाडीचं मूळ रूप तसंच ठेवून तिची कमकुवत जागा भक्कम करणं. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन साजरा होतो. त्या दिवशी बेंगळुरूच्या रस्त्यावर त्या दोन सायलेन्सरच्या गाड्यांची रांग निघते, आणि त्यातली सगळ्यात नवी गाडीही कारखान्याला टाळं लागण्याआधीची असायची. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली. नाव परत यावं इतकी त्याची आठवण जिवंत राहिली, याचं श्रेय त्या मधल्या बावीस वर्षांत पाना न सोडलेल्या माणसांना द्यावं लागेल.

माझ्या मते आजच्या गोष्टीचा गाभा हाच आहे. गाडी किती वर्षं टिकेल हे कारखान्याच्या वॉरंटीवर ठरत नाही. तिची माहिती आणि तिचे सुटे भाग किती हातांत आहेत, यावर ठरतं.

आजची गाडी आणि बंद डबी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. जवळजवळ सगळ्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर हवा आणि तापमान मोजतात, छोटा संगणक किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. त्याआधीच १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं होतं. धूर कमी झाला, ब्रेक सुरक्षित झाले. हे चांगलंच आहे. पण दोष शोधायला आता स्कॅनर लागतो, आणि पुष्कळदा तो स्कॅनर फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतो. गल्लीतला मिस्त्री हुशार आहे, पण डबी त्याच्याशी बोलत नाही.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी २०१२ मध्ये लोकांनी मतदान केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. मॅन्युअल, सुटे भाग आणि तपासणीची साधनं मालकाला आणि बाहेरच्या मेकॅनिकला मिळावीत, ही मागणी आहे. येझदीवाल्यांनी झेरॉक्सवर जे केलं, तेच आता हक्क म्हणून मागायचं आहे. फरक इतकाच, की संगणकाच्या डबीची झेरॉक्स निघत नाही.

हक्काबरोबर मर्यादाही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचं मूळ स्वरूप मनाला येईल तसं बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, उत्पादकाने दिलेली मूळ रचना बदलता येणार नाही, हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. तेव्हा कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावून त्याला अपग्रेड म्हणू नका. चांगले टायर, योग्य ब्रेक पॅड, पाठ-मनगटाला सोसेल अशी बैठक, स्वच्छ वायरिंग, यांनी गाडी खरी सुधारते.

तर मग घरी काय करायचं?

फौजेची विभागणी घ्या, ती आजही चालते. इंजिन खोलणं, एबीएस, इंजेक्शन हे वर्कशॉपला द्या. तुमच्या वाट्याला तीन परेड आहेत.

फर्स्ट परेड: टायरची हवा थंड असताना, दोन्ही ब्रेक, दिवे, गाडीखाली तेलाचा डाग. दोन मिनिटं.

हॉल्ट परेड: लांबच्या प्रवासात चहाला थांबलात की चहाआधी गाडीभोवती एक फेरी. चेन लोंबतेय का, सामानाचा पट्टा चाकाकडे गेलाय का, टायरमध्ये खिळा आहे का.

लास्ट परेड: महिन्यातला एक रविवार. चेन साफ करून तेल द्या, तिचा ताण मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा ठेवा. फार ताणलेली चेन ढिल्या चेनइतकीच वाईट. ब्रेक पॅडची जाडी, एअर फिल्टर, बॅटरीची टोकं, केबलच्या टोकाला तुटलेल्या तारा बघा.

जुनी गाडी असेल तर आणखी एक. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. कार्बोरेटरची गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करा, आणि पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घाला. टू-स्ट्रोक असेल तर मिश्रण लागेल तेवढंच करा, साठवून ठेवू नका.

शेवटची गोष्ट. फौजेत प्रत्येक गाडीची नोंदवही असते. तुमच्या गाडीचीही ठेवा, शंभर पानी साधी वही. तारीख, किलोमीटर, काय केलं, कोणता भाग कुठून घेतला, किती टिकला. एक छापील मॅन्युअल तिच्यासोबत ठेवा. पाना हातात घ्यायला घाबरणाऱ्याला ही वही धीर देते, मेकॅनिकला खरं सांगते. आणि उद्या गाडी विकाल किंवा लेकी-सुनांच्या हाती द्याल, तेव्हा किल्लीबरोबर वहीही द्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.